बायबल रोज वाचायचंय पण सुरुवात कुठून करू? नवीन लोकांसाठी थोडं सविस्तर

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपली की ताटातून वर्षाचं वचन उचलायचं, घरी येऊन शोकेसच्या काचेत अडकवायचं आणि पुढचे बारा महिने बायबल कपाटात. आपल्या मंडळ्यांमध्ये हे इतकं सर्रास चालतं की नवीन आलेल्या माणसाला वाटतं बायबल म्हणजे अशी सुटी सुटी वचनंच असावीत. चिठ्ठी काढायला माझा विरोध नाही, आमच्याही घरी काढतात. पण त्या ताटात हमखास असणारं एक वचन घ्या, यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया या पुस्तकाचा २९वा अध्याय, ११वं वचन. देवाने तुमच्यासाठी योजलेले विचार हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला आशा आणि भविष्य द्यायचं आहे, असं काहीसं. नोकरी, लग्न, व्हिसा, बारावीचा रिझल्ट, सगळ्याला चालतं.

आता त्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीपासून वाचा. ते एक पत्र आहे. यरुशलेमेतून पकडून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं. त्यात तो म्हणतो घरं बांधा, बागा लावा, पोराबाळांची लग्नं करा आणि ज्या शहरात तुम्हाला धरून नेलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि अकराव्या वचनाच्या लगेच आधी, दहाव्यात, आकडा आहे: सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यातले बहुतेक जण परतीचा दिवस बघणारच नव्हते. त्याच्या आधीच्या २८व्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा दोन वर्षांत सगळं परत मिळणार म्हणून सांगत फिरतोय, आणि तो खोटा ठरतो. एवढं वाचल्यावर ते वचन लहान होत नाही, उलट जास्त खरं वाटायला लागतं, फक्त ते आपल्या व्हिसाबद्दल नाही हे कळतं.

रोज ओळीने वाचायचा फायदा मला विचाराल तर हाच आहे. वचनं वेचू नका, पुस्तक वाचा. थोडं वाचा, पण मागचं पुढचं धरून वाचा. बाकी सगळं खाली आहे ते यासाठीच.

आधी प्रत कोणती घ्यायची ते बघा

घरात बहुतेक बायबल सोसायटीची काळ्या कव्हरची प्रत असते, आजीची किंवा लग्नात मिळालेली. तिचं मराठी जुन्या वळणाचं आहे, "मी तुम्हांला खचीत सांगतो" वगैरे. कानाला गोड आहे, चर्चमध्ये तेच वाचतात, पाठांतराला तेच चांगलं. पण इंग्लिश मीडियममध्ये शिकलेल्या पोरांना पहिल्याच पानावर धाप लागते. अशांनी मराठी समकालीन आवृत्ती घ्या, मोबाईलवर यूव्हर्जन अ‍ॅपमध्ये फुकट मिळते. दोन्ही शेजारी ठेवता आल्या तर फारच छान, अडलेलं वाक्य दुसरीकडे बघायचं. आणि सोप्या मराठीत वाचणं म्हणजे काहीतरी कमी दर्जाचं असं कोणी म्हणालं तर त्यांना पंडिता रमाबाईंचं नाव सांगा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून, आणि काम हातावेगळं करून एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. एवढ्या संस्कृत शिकलेल्या बाईला जड मराठी लिहिता येत नव्हतं असं तर नाही ना.

कॅथलिक असाल तर तुमच्या प्रतीत ७३ पुस्तकं असतील, प्रोटेस्टंट प्रतीत ६६. घाबरू नका, फरक जुन्या करारात (येशूच्या आधीच्या भागात) आहे, नव्या करारातली (येशूपासून पुढची) २७ पुस्तकं दोघांचीही तीच. वसईकडच्या लोकांना एक सोय आयतीच आहे, मिस्साची रोजची वाचनं. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक (येशूच्या जीवनाची ही पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं). वेगळा प्लॅन शोधायची गरजच नाही, उद्याचं शुभवर्तमान आज रात्री घरी वाचून जायचं, एवढंच करून बघा प्रवचन कसं वेगळं ऐकू येतं ते.

पहिल्या पानापासून सुरू करू नका

आपल्याला पारायणाची सवय. घरात कुणी ना कुणी गुरुचरित्राचा नाहीतर ज्ञानेश्वरीचा सप्ताह केलेला असतो, नवीन विश्वासात आलेल्यांच्या तर अंगातच असतं ते, पहिल्या पानावर बसायचं आणि शेवटच्या पानावर उठायचं. बायबलला तसं बसलात की उत्पत्ति मजेत जातं, निर्गम अर्ध्यापर्यंत बरं, मग निवासमंडपाचे, म्हणजे उपासनेच्या तंबूचे पडदे, कड्या, खुंट्या येतात आणि लेवीय आलं की फेब्रुवारी महिन्यात गाडी बंद. दरवर्षी बघतो मी, जानेवारीत वर्षभरात बायबल संपवायचा प्लॅन घेणारे शंभर असले तर मार्चमध्ये ग्रुपवर शांतता असते. हिशोब वाईट नाही तसा, एकूण १,१८९ अध्याय, रोज तीन आणि रविवारी पाच केले तर वर्षात होतात. पण ते दुसऱ्या तिसऱ्या वर्षीचं काम. चालायला शिकायच्या आधी दिंडीत निघायचं नसतं.

मार्कपासून सुरू करा. सोळाच अध्याय, चार शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, आणि मार्क थांबतच नाही, लगेच हे झालं, लगेच ते झालं. रोज एक अध्याय धरला तर अडीच आठवडे. मोठा वाटला तर अर्धाच वाचा. मार्कच्या शेवटी सोळाव्या अध्यायात नववं ते विसावं वचन कंसात दिसेल किंवा खाली टीप असेल की जुन्यात जुन्या हस्तलिखितांत हा भाग नाही. तुमच्या प्रतीत छपाईची गडबड झालेली नाही, ती टीप मुद्दाम आहे.

आणखी एक. अध्यायांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते, ते तेराव्या शतकात घातले आणि वचनांचे आकडे त्याच्याही नंतर सोळाव्या शतकात. त्यामुळे अध्याय संपला म्हणजे विषय संपला असं धरू नका. मार्क ९:१ बघा, ते वाक्य आठव्या अध्यायातल्या बोलण्याचाच शेवट आहे, आकडा मध्येच पडलाय. गोष्ट जिथे संपते तिथे थांबा.

वेळ आणि किती

पहाटे चारला उठून दोन तास, अशी साक्ष देणारे भेटतील. चांगलंय त्यांचं. तुम्ही पंधरा मिनिटं घ्या पण ती रोज एकाच वेळेला घ्या. डबे भरून झाले की, किंवा विरार लोकलमध्ये सीट मिळाली की (मिळाली तर), किंवा रात्री मोबाईल चार्जिंगला लावून. मोबाईलवर वाचणार असाल तर नोटिफिकेशन बंद करा नाहीतर मार्क दोन वरून थेट व्हॉट्सअ‍ॅप आणि तिथून रील्स, अर्धा तास गेला. आजींना किंवा डोळ्यांचा त्रास असणाऱ्यांना ऑडिओ लावून द्या, शेवटी शेकडो वर्षं लोकांनी हे ऐकलंच आहे, प्रत्येकाच्या हातात पुस्तक ही अलीकडची गोष्ट.

घरात बाकी कोणी ख्रिस्ती नसेल तर उगाच सगळ्यांसमोर मोठमोठ्याने वाचून वातावरण तापवू नका. शांतपणे वाचा, आईने हाक मारली तर उठून जा, काम करून परत बसा.

वाचायला बसताना छोटी प्रार्थना करा. ११९व्या स्तोत्रात अठरावं वचन आहे, माझे डोळे उघड म्हणजे मला पाहता येईल, तेवढंही पुरतं.

आता खरं वाचन कसं करायचं, एक नमुना

इथे जरा वेळ घालवूया कारण सगळे म्हणतात "मनन करा" आणि ते करायचं कसं ते कोणी दाखवत नाही. मार्क ५ उघडा, २१व्या वचनापासून शेवटपर्यंत. एकदा सरळ वाचा. मग दुसऱ्यांदा हळू, हातात पेन्सिल घेऊन.

पहिल्यांदा फक्त माणसं शोधा. याईर, सभास्थानाचा अधिकारी, गावातलं मोठं नाव. त्याची मुलगी मरायला टेकलीये आणि तो येशूच्या पाया पडतो. येशू निघतो. वाटेत एक बाई, तिचं नावसुद्धा दिलेलं नाही, तिला रक्तस्राव होतोय. ती मागून येऊन वस्त्राला शिवते आणि बरी होते. येशू थांबतो. नंतर याईराच्या घरून निरोप येतो की मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास देतोस.

मग काय दोनदा आलंय ते बघा. बाई आजारी किती वर्षं? बारा. मुलगी किती वर्षांची? बारा. म्हणजे ही मुलगी जन्मली त्याच सुमारास त्या बाईचा आजार सुरू झाला. याईर आपल्या पोरीला मुलगी म्हणतो, आणि येशू त्या बाईला काय हाक मारतो? "मुली". पेन्सिलने या शब्दांभोवती गोल करा, पान काळं झालं तरी चालेल.

मग कोण कोणाला शिवतं ते बघा. आता लेवीय १५:२५ पासून पुढची दोन तीन वचनं काढा. अशी बाई जोवर बरी होत नाही तोवर अशुद्ध, ती निजते तो बिछाना अशुद्ध, बसते ती जागा अशुद्ध, त्याला जो शिवेल तो संध्याकाळपर्यंत अशुद्ध. बारा वर्षं. हे मराठी बायकांना समजावून सांगायला लागत नाही, विटाळ, कोपऱ्यात बसणं, वेगळं ताट, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, हे आपल्या आज्यांनी काढलंय आणि काही घरांत अजून चालू आहे. ही बाई गर्दीत घुसली म्हणजे जाता जाता किती जणांना तिचा धक्का लागला असेल. म्हणूनच ती मागून येते. आणि पुढे येशू मेलेल्या मुलीचा हात धरतो, गणना १९:११ प्रमाणे प्रेताला शिवलं की सात दिवस अशुद्ध. एकाच दुपारी दोन्ही शिवाशिव्या. लेवीय कंटाळवाणं वाटतं ना, पण ते माहीत नसेल तर मार्क पाचमधला अर्धा धक्का लागतच नाही.

मग विचारा, मला काय खटकलं? मला दरवेळी येशूचं थांबणं खटकतं. एका बापाची पोरगी शेवटच्या घटका मोजतेय आणि हा गर्दीत उभा राहून विचारतोय मला कोण शिवलं. शिष्यसुद्धा वैतागतात, एवढी रेटारेटी चाललीये आणि हे काय विचारता. बाई बरी तर झाली होती, गुपचूप जाऊ द्यायचं होतं. माझं मत असं की ती शरीराने बरी झाली हे तिला एकटीला कळलं होतं, गावाला नाही. बारा वर्षं जे तिच्यापासून लांब राहिले त्यांनी हे कानांनी ऐकायला हवं होतं. त्यासाठी गावातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला ताटकळत ठेवलं. तुमचं मत वेगळं असेल, हरकत नाही, पण ते मजकुरातून काढा, हवेतून नको.

शेवटी तीच गोष्ट लूक ८ आणि मत्तय ९ मध्ये वाचा. मत्तय फार थोडक्यात आटपतो. मार्क म्हणतो तिने बऱ्याच वैद्यांचे हाल सोसले, होतं नव्हतं ते खर्च केलं आणि तब्येत आणखीनच बिघडली. लूकमध्ये ती कोणाकडून बरी झाली नाही एवढंच आहे, बिघडल्याचं नाही. कलस्सै ४:१४ मध्ये लूकला प्रिय वैद्य म्हटलंय, मग आता तुम्हीच हसा.

आणि ४३वं वचन सोडू नका, मुलगी उठली, सगळे थक्क, आणि येशू सांगतो तिला काहीतरी खायला द्या.

एवढ्याला पाऊण तास लागतो. रोज एवढं होणार नाही, करूही नका. रोजचे पंधरा मिनिटं साधं वाचन आणि आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी वगैरे, एखादा उतारा असा खणायचा.

जोडीला एक स्तोत्र

स्तोत्रं १५० आहेत, रोज एक म्हणजे पाच महिने. १३, २२, ८८ ही वाचताना नवीन माणूस दचकतो, देवाला असं बोलतात का? ८८वं तर अंधारातच संपतं, आनंदाचा शेवट नाहीच. पण २२व्याची पहिली ओळ येशूने वधस्तंभावर म्हटली, मार्क १५:३४ ला पोचाल तेव्हा आठवेल. घरात कोणी गेलंय, नोकरी सुटलीये, अशा दिवसांत फुलांच्या फोटोवरचं गुड मॉर्निंग वचन काही कामाचं नसतं, ही स्तोत्रं असतात.

वही ठेवा, साधी शंभर पानी. तारीख, उतारा, एक दिसलेली गोष्ट, एक प्रश्न. बास. सुंदर अक्षर, रंगीत पेनं, स्टिकर ही सोशल मीडियावरची हौस आहे, हौस म्हणून करा. प्रश्न मात्र नक्की लिहा, कारण ते तुम्हाला पुढे कुणाला तरी विचारायचेत.

एकट्याने वाचायचं, पण एकट्यानेच नाही

प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये एक कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचतोय. येशूचा अनुयायी फिलिप्प धावत जाऊन विचारतो, वाचताय ते समजतंय का? तो सरळ सांगतो, कोणी दाखवल्याशिवाय कसं समजणार. राणीच्या खजिन्याचा मुख्य माणूस आहे तो, त्याला लाज वाटली नाही, आपल्याला कशाला वाटावी. पाळकसाहेबांना विचारा, संडे स्कूलच्या ताईंना विचारा, त्यांना जास्त येतं कधी कधी.

पण दुसरी बाजूही त्याच पुस्तकात आहे, १७:११. बिरुया गावचे लोक प्रेषित पौलाचं बोलणं आवडीने ऐकायचे आणि घरी जाऊन रोज शास्त्रात बघायचे की हे असंच आहे का. पौलाला तपासलं त्यांनी, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक केलंय. तर यूट्यूबवर कोट घालून ओरडणारा कोणी अमुक तारखेला अमुक होणार म्हणाला, किंवा बीज पेरा म्हणून खाते नंबर दिला, तर त्याने दिलेलं वचन उघडा आणि वरची दहा व खालची दहा वचनं वाचा. बहुतेक वेळा तेवढ्यातच निकाल लागतो.

चार पाच जणांचा गट जमला तर फार चांगलं. एकाने उतारा मोठ्याने वाचायचा, मग प्रत्येकाने फक्त "मला हे दिसलं" एवढं सांगायचं, ज्याला सगळ्यात जास्त माहिती आहे त्याने शेवटी बोलायचं. हा नियम कडक ठेवा, नाहीतर दर वेळी एक काका अर्धा तास प्रवचन देतात आणि नवीन मुली तोंड उघडत नाहीत.

खंड पडला तर

पडणारच. गणपतीत पाहुणे, परीक्षा, ताप, काहीही. राहिलेले नऊ अध्याय एका रात्रीत भरून काढायला बसू नका, त्यात वाचन होत नाही, पानं उलटतात. जिथे आहात तिथून पुढे चला. आणि आज वाचलं नाही म्हणून दिवस वाईट गेला हे डोक्यातून काढा, हे संकष्टी मोडल्यासारखं प्रकरण नाहीये.

मार्क झाल्यावर काय? रूथ घ्या, चारच अध्याय. सुगीच्या दिवसांत परक्या गावची विधवा सून दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते, गावाकडच्या लोकांना चित्रासारखं दिसेल, आणि शेताच्या कडा गरिबांसाठी ठेवा हा नियम कुठला? लेवीय १९, बघा पुन्हा तेच पुस्तक. मग मत्तय. सुरुवातीची वंशावळ उडी मारून जाऊ नका, त्या यादीत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको का आल्यात ते वहीत प्रश्न म्हणून लिहा. मत्तय ५ ते ७ मात्र सावकाश. ना. वा. टिळकांना रेल्वेत एका परक्या गृहस्थाने नवा करार दिला होता, ते या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, आणि पुढे १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र, तेही चारच अध्याय, एका बैठकीत होतं. "मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे" हे टीशर्टवरचं वचन त्यातलंच, ४:१३, पण आधीची दोन वचनं वाचा, पौल बंदिवासात बसून भुकेलं राहायला आणि पोटभर असायला दोन्हीला शिकलोय असं म्हणतोय.

नव्या करारात एकूण २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार रविवार सुट्टी किंवा राहिलेलं, तर बरोबर एका वर्षात होतो.

आणि गटासाठी काही हवं असेल तर लूक आणि प्रेषितांची कृत्ये घ्या, दोन्ही थियफिल नावाच्या एकाच माणसाला लिहिलेली आहेत, एक संपलं की दुसरं तिथूनच सुरू. २४ आणि २८ मिळून ५२ अध्याय, आठवड्याला एक. फक्त लूकचा पहिलाच अध्याय ८० वचनांचा आहे, त्या दिवशी चहा आधी ठेवा.